मुळांची हाक

मुलांनो, उर्दूत आपण जिला जवार म्हणतो, ती ज्वारी नांदेड-लातूरकडचे जुने पीक. तिच्या शेतात कधी कधी पांढऱ्या फुलांचे एक लहान रोप दिसते. त्याचे नाव टारफुला. दिसायला नाजूक, पण जमिनीखाली तो ज्वारीच्या मुळांतून पाणी व अन्न ओढून घेतो. ओल असूनही ज्वारी सुकू लागते.

टारफुल्याचे बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीत दहा-दहा वर्षे पडून राहते. मग ज्वारी पेरल्याचे त्याला कसे कळते? ज्वारीची मुळे मातीत एक पदार्थ सोडतात. तो लागताच बी जागे होते.

तुम्ही विचाराल, ज्वारी शत्रूला का बोलावते? ती खरे तर मित्राला हाक मारते. मातीतील एक उपयोगी बुरशी मुळांना स्फुरद आणून देते. हाक तिच्यासाठी असते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले. टारफुल्याचे बी ती चोरून ऐकते!

गंमत म्हणजे, असा पदार्थ १९६६ मध्ये प्रथम सापडला तो कापसाच्या मुळांत. कापसावर मात्र टारफुला जगत नाही. त्या रानात कापूस घेतला, तर बी उगवते आणि आधाराविना मरते. पण एका वर्षात सगळे बी संपत नाही. पुढच्या ज्वारीत टारफुला दिसला, तर तो फुलण्याआधीच उपटावा लागतो.