घरी मोठा टीव्ही येतो तेव्हा...

तुमच्या घरचा टीव्ही किती इंची? कोणी म्हणेल बत्तीस, कोणी त्रेचाळीस. एखादा ऐटीत सांगेल, "आमचा पंचावन्न!" बरं, मग सांगा पाहू, हे पंचावन्न इंच मोजायचे कुठून कुठपर्यंत? गप्प झालात ना? आमच्या वर्गातही अशीच शांतता पसरली होती.

मी पूर्णगडला शिकवते. रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला आलात, की मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. वर छोटासा किल्ला, खाली होड्या, खाडीपलीकडे गावखडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या दिवाळीत वर्गात एकच विषय: कोणाकडे केवढा टीव्ही आला! शेवटी मी मुलांना म्हटलं, "नुसत्या बढाया पुरे. ज्यांनी मोठा टीव्ही घेतलाय त्यांना तीन प्रश्न विचारून या. घेताना काय पाहिलंत? आणल्यावर काय कळलं? पुन्हा घ्यायचा झाला तर काय वेगळं कराल?"

मुलं वह्या आणि मोजायची टेप घेऊन निघाली. त्यांनी जे आणलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

तिरकं माप

पहिली गंमत मापाची. टीव्हीचे इंच रुंदीचे नसतात, उंचीचेही नसतात. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत जे अंतर, ते टीव्हीचं माप. म्हणजे भूमितीतला कर्ण.

एका घरी आजोबा रुसलेच होते. "आधीचा डबा एकोणतीस इंची होता. हा नवा बत्तीस. तीन इंच वाढले, मग माणसं लहान कशी झाली?" मुलांना वाटलं, आजोबांना भास होतोय. पण आजोबांचं खरं होतं! जुन्या डबा टीव्हीच्या पडद्याची रुंदी आणि उंची ४ ला ३ या प्रमाणात असे. आताच्या टीव्हीचं प्रमाण १६ ला ९, म्हणजे पडदा रुंद आणि बुटका. जुन्या २९ इंची पडद्याची उंची साधारण साडेसतरा इंच, नव्या ३२ इंचीची मात्र पावणेसोळा. उंची घटली, म्हणून बातम्या देणारी बाई लहान दिसू लागली.

जुन्या पडद्यात आणखी एक गंमत लपली होती. २० इंची पडदा १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच असायचा. १२, १६, २०, म्हणजे ३, ४, ५ ची चौपट! पायथागोरसचा काटकोन त्रिकोण रोज समोर असायचा आणि आम्ही त्यात 'शक्तिमान' बघत बसायचो. ती मालिका १९९७ साली सुरू झाली, तेव्हा मी तुमच्याएवढी होते. एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं!"

आता दुसरं गणित. ३२ इंची टीव्ही सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच. ५५ इंची सुमारे ४८ बाय २७. दोन्हींचं क्षेत्रफळ काढा. माप दुप्पटसुद्धा झालं नाही, पण पडदा जवळजवळ तिप्पट झाला. म्हणून दुकानात "थोडा मोठा" वाटणारा टीव्ही घरच्या छोट्या खोलीत भिंत गिळून टाकतो. आमच्या मुलांना एका काकूंनी छान युक्ती सांगितली. त्यांनी टीव्ही घेण्याआधी तेवढ्या मापाचे जुने वर्तमानपत्राचे कागद भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस समोर बसून पाहिलं. मग ५५ चा विचार सोडून ४३ घेतला. पैसेही वाचले.

मोठा पडदा, धुकट चित्र

सगळ्यात जास्त घरांतून आलेली तक्रार ही. "अगो बाय, एवढा मोठा टीव्ही आणला नि चित्र धुकट!" असं एका आजींनी सांगितलं. टीव्ही बिघडलेला नव्हता. मग दोष कोणाचा?

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. फोरके पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. गुणाकार करा: ८२,९४,४००! पण साध्या, म्हणजे एसडी वाहिनीवरून येणारं चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एकूण ४,१४,७२०. आता भागाकार करा. बरोबर २० येतात. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक एका ठिपक्यामागे टीव्हीला वीस ठिपके रंगवायचे असतात. उरलेल्या एकोणीसांचा रंग तो अंदाजाने भरतो. वाटीभर रंगात भिंत रंगवायला घेतली तर काय होईल? तसंच हे.

म्हणून टीव्ही घेण्याआधी विचारायचं, की आपण पाहणार काय? छत्रीवर येणाऱ्या साध्या वाहिन्याच पाहायच्या असतील, तर फार मोठा पडदा धुकटच दिसणार. इंटरनेटवरचं चांगलं चित्र पाहायचं, तर घरात नेटची रेंज हवी. आमच्याकडे एका घरात रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते आणि टीव्ही आहे माजघरात! दुकानातली झगमगती फिल्म पाहून भुलू नका. ती त्या टीव्हीसाठीच बनवलेली असते. दुकानदाराला सांगा, "आमच्या घरी दिसते ती वाहिनी लावून दाखवा."

समुद्राकाठचा संसार

आमची हवा खारट आणि दमट. खिळ्यांना गंज चढतो, तसा टीव्हीच्या आतल्या बारीक जोडण्यांनाही चढतो. म्हणून समुद्राकडच्या खिडकीसमोर टीव्ही ठेवू नये. चालू टीव्हीवर कापड झाकू नये, मागच्या फटींतून उष्णता बाहेर पडावी लागते. पडदा पुसायचा तो मऊ, कोरड्या कापडाने. विजा चमकायला लागल्या की नुसतं रिमोटचं बटण दाबून भागत नाही. वादळ जवळ येण्याआधीच मोठ्यांना सांगून पिन काढायची आणि छत्रीची वायरही सोडवायची.

जांभ्याच्या भिंतीचंही ऐका. चिऱ्यात भोकं असतात आणि जुन्या घरांचा गिलावा मातीचा. एका घरी भिंतीवरचा टीव्ही आठवड्याभरात पुढे झुकला. वेळीच दिसलं म्हणून वाचला. खाली त्यांचं बाळ खेळत होतं, बरं का!

माझी फजिती

आता माझी गोष्ट. दुसऱ्यांना शहाणपण सांगणाऱ्या बाईंची!

मी पंचावन्न इंची टीव्ही घेतला. टेम्पोतून तो आडवा झोपवून आणला. मला वाटलं, आडवा म्हणजे सुखरूप. घाई होती, खोकं न उघडताच पावतीवर सही केली. संध्याकाळी टीव्ही लावला, तर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा! पातळ पडद्याचं खोकं नेहमी उभंच आणायचं असतं, खोक्यावर बाणही काढलेले असतात. धक्क्याने फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही, असं उत्तर मिळालं. आणि नवा पडदा बसवायचा, तर जवळजवळ नव्या टीव्हीएवढा खर्च. दुकानदाराने माझी सही दाखवली: "माल सुस्थितीत मिळाला." मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बरीच बोलणी झाली आणि अर्ध्या नुकसानीवर तडजोड झाली. उरलेलं अर्धं नुकसान माझ्या घाईचं.

म्हणून आधी खोकं उघडा, टीव्ही लावून पाहा, मगच सही. मोठी माणसं गडबडीत विसरतात. तुम्ही आठवण करून द्या.

वहीतलं एक उत्तर

एका मुलाचं उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं नव्हतं. त्याला विचारून, नाव न घालता, तुम्हाला सांगते.

त्याचे बाबा यांत्रिक होडीवर जातात. एप्रिलमध्ये हप्त्यांवर मोठा टीव्ही आणला. गाव बघायला आलं. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. होडी वर ओढली, कमाई थांबली, पण हप्ता थांबला नाही. जुलैत तो चुकला आणि वर दंड बसला. आईने भिशीचे पैसे भरले. त्या पैशांतून सायकल यायची होती. तिसऱ्या प्रश्नासमोर त्या मुलाने एकच ओळ लिहिली: "आधी पावसाचे दोन महिने मोजू."

मग आम्ही फळ्यावर गणित मांडलं. समजा टीव्ही ३६,००० रुपयांचा. बारा हप्ते, महिन्याला ३,०००. पण कमाईचे महिने दहाच! म्हणजे त्या प्रत्येक महिन्यात ३,६०० बाजूला पडले, तरच हप्ता पेलेल. हप्ता बिनव्याजी असला तरी इतर शुल्क किती, हेही विचारायचं. त्या दिवशी या गणितात पहिलं बोट त्याचंच वर होतं.

भोंगा वाजला की...

टीव्ही मोठा झाला, तरी दिवस चोवीसच तासांचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, माणसांनी एकमेकांशी बोलायचं. आमच्या गावात भोंगा नाही. पण चार-पाच घरांनी आपापली वेळ ठरवली आहे. माझ्याही!

आणि हो, जुना डबा खाडीत किंवा रानात टाकायचा नाही हं! त्याच्या काचेत शिसं असतं. तो जुन्या विद्युत वस्तू गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यायला मोठ्यांना सांगा.

चला, आता टेप घ्या. घरच्या टीव्हीची रुंदी, उंची आणि कर्ण मोजा. रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, कर्णाच्या वर्गाएवढा येतो का? मग घरातल्यांना ते तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर मात्र वहीत नीट लिहून ठेवा. पुढचा टीव्ही घेताना तेच उपयोगी पडेल.