मिनिट फुकट झालं, टॉवर मात्र त्यांचाच

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, या दोन टोकांना जोडून ठेवतो तो फोन.

हे बोलणं पूर्वी मिनिटावर मोजलं जाई. १९९५ मध्ये देशात मोबाइल आला, पण २००३ पर्यंत आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. 'मिस कॉल' ही बिनपैशाची भाषा अशाच हिशेबातून रुजली.

२०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल सुरू झाला आणि मिनिटाचा हिशेबच मोडला. असा कॉल आवाजाचे बारीक तुकडे करून फोटो किंवा मेसेजसारखेच इंटरनेटवरून धाडतो. मिनिटाला जेमतेम अर्धा-एक एमबी. मोबाइल कंपनीला दिसतो फक्त डेटा. उसाचा फड साताऱ्यात असो की बेळगावात, भाव तोच.

कंपन्यांना हे आधीच कळलं होतं. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड होताच मागे घेतलं. 'स्पेक्ट्रम आम्ही विकत घ्यायचं, परवाना शुल्क आम्ही भरायचं, आणि धंदा ॲपवाल्यांनी करायचा?' ही त्यांची तक्रार आजही आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मजकूर पाहून डेटाचा वेगवेगळा भाव लावायला बंदी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि बोलणं फुकट, पैसे डेटाचे, असा उलटा डाव मांडला. मिनिट गेलं, पॅक आला.

या बदलात मागे राहिली ती बटणाचा फोन वापरणारी आजी. तिच्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल येत नाही, तरी तिच्या पॅकमध्ये डेटा असायचाच. फक्त बोलणं आणि एसएमएस यांचाही पॅक ठेवा, हे ट्रायला २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना बजावावं लागलं.

कंपन्यांची खरी मक्तेदारी मोडू शकेल ते खुलं वायफाय. त्याच्या लहरींना परवाना लागत नाही. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली: चहावाला, किराणा दुकानदार, कुणीही ब्रॉडबँडची जोडणी घ्यावी, वायफाय लावावं, गिऱ्हाइकाला दोन-पाच रुपयांत इंटरनेट विकावं, परवाना नको, शुल्क नको. गाडं अडलं ते जोडणीच्या भावावर. दुकानदाराकडून महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागितले जात. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायने मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही.

यातून गावच्या पारावर वायफाय येईलही. आजीजवळचा नातू तिथे बसून आईचा चेहरा पाहील. पण आई आहे फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. तिथे ना दुकान, ना वायर. ऊस संपला की कोपीच हलते. तिच्या टोकाला टॉवरशिवाय इलाज नाही. तिचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि पॅकचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.