टेन्शनची गावपळण!

वेलनेस रिट्रीटचं बुकिंग करताय? थांबा! आधी सिंधुदुर्गाचं पॅकेज बघा. इथे मन शांत करायचं म्हणून कुणी गप्प बसत नाही. गाणं, चिडवणं, नारळावर नारळ आपटणं, चक्क गाव सोडून पळणं... सगळं मेनूत आहे. मौनव्रत तेवढं मागू नका, ते मालवणी माणसाकडे स्टॉकमध्ये नसतं.

'गाव सोडून पळणं' ही थाप वाटली ना? माहीत आहे का, मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत 'गावपळण' नावाची जुनी प्रथा आहे. दर तीन-चार वर्षांनी अख्खं गाव घरं बंद करून वेशीबाहेर मुक्कामाला जातं. तीन दिवस, तीन रात्री! म्हातारेकोतारे, पोरंटोरं, गाई-बैल, कोंबड्या, कुत्री अशी सगळी वरात निघते. मागे उरतात रिकामी घरं आणि सुनसान रस्ते.

रजेचा अर्ज कुणाकडे? थेट देवाकडे! आचऱ्यात ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन तारीख ठरते. परतायचं तरी मनाने परतता येत नाही, चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देव 'हो' म्हणाला तर घरी, नाही तर मुक्काम पोस्ट माळरान. लीव्ह एक्स्टेन्शन असावी तर अशी!

ही पळापळ कशासाठी? कुणी म्हणतं देवासाठी, कुणी म्हणतं भुताखेतांना गाव मोकळं करून द्यायला. कारण काहीही असो, रानातल्या झोपड्यांत दिवस मजेत जातात. तीन दगडांची चूल, सामुदायिक जेवण, संध्याकाळी भजनं आणि रात्री उशिरापर्यंत गजाली, म्हणजे गप्पा. कॉर्पोरेट जगात याला ऑफसाइट म्हणतात, फक्त तिथे पीपीटी बघावं लागतं.

मला यातली खरी करामत वेगळीच वाटते. एकटा माणूस सुट्टीवर गेला की मागे राहिलेल्यांचे फोन सुरू. 'अहो, ती फाइल कुठे ठेवलीत?' अख्खं गावच गेलं तर विचारणार कोण? बरं, कुणाचं काही चुकत नाही, कुणाला काही राहून गेल्याची रुखरुख नाही. ब्रेक घ्यायचा तर सगळ्यांनी एकदम, हा फंडा कुठल्याही एचआरला अजून सुचलेला दिसत नाही.

आणि हो, वैभववाडी तालुक्यातलं शिराळे गाव तर दरवर्षी पळतं. ॲन्युअल प्लॅन!

चला, आता किनाऱ्यावर. चपला काढा. माहीत आहे का, वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा किती जास्त ऊर्जा लागते? २.१ ते २.७ पट! बेल्जियमच्या संशोधकांनी हे मोजलं आणि १९९८मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे तारकर्लीच्या किनाऱ्यावर तुम्ही रमतगमत निघालात, तरी शरीर मात्र जिमचं बिल फाडतंय. तेही फुकट.

पुढची गंमत श्वास रोखून वाचा... नको नको, रोखू नका! स्कूबा डायव्हिंगचा पहिला नियमच तो आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. प्राणायामात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं असतं, पण मालवणच्या समुद्रात टाकी पाठीला लावलीत की कुंभकाला सुट्टी. कारण? १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट जागा मागते. श्वास अडवून वर आलात तर फुप्फुसांची खैर नाही. म्हणून आत घ्या, बाहेर सोडा, सावकाश. मेडिटेशनच्या क्लासात सर सांगून सांगून थकतात, इथे समुद्र एका डुबकीत शिकवतो.

बोनस टीप: पाण्याखाली अंगठा वर करून 'एकदम मस्त' सांगायला जाऊ नका. डायव्हरच्या भाषेत त्याचा अर्थ 'वर चला'. पैसे पूर्ण, डुबकी अर्धी!

याच किनाऱ्यावर डॉल्फिनही दिसतात. त्यांचं ध्यान बघा. आपला श्वास झोपेतही आपोआप चालतो, डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. मग झोपायचं कसं? सोपं आहे, अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो. आपल्याकडे सोमवारच्या मीटिंगमध्ये काही जणांना हे जमतं.

श्वासावरून आठवलं. जपमाळ ओढणारी आजी आणि रोझरी म्हणणारी शेजारची मावशी यांच्यात कॉमन काय? श्वासाचा वेग! २००१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. लॅटिनमधली रोझरी म्हणा की 'ओम मणि पद्मे हुम'चा जप करा, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, असं त्यात दिसलं. या संथ लयीत हृदय आणि रक्तदाब यांचा तालमेलही सुधारतो. एरवी आपण आरामात बसलेलो असतानाही मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. देवळात घ्या नाही तर चर्चमध्ये, सहाचा पाढा तोच!

पण नुसता जप म्हणजे मालवणी माणसाला अळणी आमटी. त्याला लागते डबलबारी! दोन भजनी मंडळं, दोन बुवा, पखवाजाचा कडकडाट आणि रात्रभर जुगलबंदी. अभंग झाला, गौळण झाली की एक बुवा दुसऱ्याला गाण्यातूनच चिमटा काढतो, दुसरा त्याच चालीत परतफेड करतो. भक्तीही आणि रोस्टही! लांबलचक ओळ एका दमात ओढायची म्हणजे उच्छ्वास आपोआप लांबतो. योगा टीचर हेच शिकवतात, पण तिथे चिमटे काढायची सोय नसते.

रात्रभर जागल्यावर दुपारी काय? वामकुक्षी, अर्थात! मासे-भात, वर सोलकढी, मग डाव्या कुशीवर आडवं. माहीत आहे का, या डाव्या कुशीत पॉइंट आहे? तसं झोपलं की पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढणं कमी होतं. आणि डुलकीला तर नासाचंही सर्टिफिकेट आहे. लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. तेव्हा दुपारी शटर ओढणाऱ्या दुकानदारावर चिडू नका, तो एरोस्पेस स्टँडर्ड पाळतोय.

मोबाइलवर पत्ते खेळून डोकं शांत करता? मग सावंतवाडीचा गंजिफा बघाच. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात पानं किती? तब्बल १२०! दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं. त्यात गंमत अशी की पाच रंगांत मोठा आकडा भारी, उरलेल्या पाचांत छोटा आकडा भारी. शिवाय दिवसा सुरुवात रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो करणार, रात्री कृष्णाचा राजा असलेला. एवढं लक्षात ठेवायचं तर ईएमआयची काळजी करायला मेंदूत जागा कुठे उरते?

राग साचलाय? नारळी पौर्णिमेला मालवणला या. इथे नारळ लढवतात! नारळावर नारळ आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला, ज्याचा टिकला तो फुटलेला नारळ घरी नेणार. स्पर्धांमध्ये बायकाही तयारीनिशी उतरतात. पंचिंग बॅगला मारून कधी कुणाला खोबरं मिळालंय?

आता शेवटचा डोस, हास्याचा. मुंबईच्या डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ रोजी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा माणसं होती अवघी पाच. आधी रोज जोक सांगून हसायचं ठरलं होतं. दोनेक आठवड्यांत चांगल्या विनोदांचा स्टॉकच संपला! मग विनोदाशिवाय नुसतं हसायचं ठरलं आणि तेच जगभर गेलं.

इकडे गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक 'वस्त्रहरण' आठवा. तात्या सरपंचाच्या भूमिकेतले मच्छिंद्र कांबळी, गावच्या पौराणिक नाटकाचा उडालेला बोजवारा आणि ५ हजारांहून जास्त प्रयोग. तेच विनोद, तीच वाक्यं, आणि पुढचं वाक्य पाठ असलेलं पब्लिक ते यायच्या आधीच हसायला तयार!