नशिबाचे चक्र आणि न्याय

गणेशोत्सवातल्या आनंदमेळ्यासाठी मुलांनी प्लायवूडचे फिरते चक्र केले : ३० अंशांचे १२ भाग, वर स्थिर बाण. चक्र फिरले खरे. पण दर वेळी बाणाखाली ७ च! "बरंच झालं, मोठं बक्षीस आपल्याकडेच राहील," धाकटे चिरंजीव म्हणाले. आजोबांनी मान हलवली. खिळा मध्यापासून जरासा सरकला होता, म्हणून जड बाजू खाली येई. शाळेतली भूमिती कामी आली : दोन जीवांचे लंबदुभाजक छेदतात तो मध्य. तिथे बोल्ट आणि बॉलबेअरिंग बसवले. उरलासुरला झोक हलक्या बाजूला मागून वॉशर ठोकून काढला. आता चक्र कसेही सोडा, तिथेच स्थिर राहते. गुरुत्वमध्य आसावर आला, की नशीब सर्वांना सारखे! तिकीट काढून येणाऱ्या पोराला फसवायचे नाही, हे मुलांना उमगले. मेळ्याची खरी कमाई तीच.