एका वेलांटीची तकरार

अरुणावतीच्या काठच्या आर्णीत बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला जो समुदाय लोटतो, त्यात चादर हाती घेऊन उभा असलेला कास्तकार कोणत्या धर्माचा, याची चौकशी करण्याची रीत नाही. आणि तरीही त्या आवारात कोणी सहज प्रश्न टाकला की, येशू ख्रिस्त हा देव होता काय, तर एकाच सतरंजीवर बसलेल्यांची उत्तरे एकमेकांपासून फार दूर जाऊन पडतील. माळकरी म्हणेल, "देवच त होय, त्यात काय पुसता?" शेजारचा मुसलमान गृहस्थ हजरत ईसांचे नाव अदबीने घेईल, मरियमेच्या उदरी पित्यावाचून त्यांचा जन्म झाला हेही सांगेल, कुराणाने त्यांना 'मसीह' म्हटले आहे याचा दाखला देईल; पण ईश्वराला पुत्र असतो, हे ऐकताच कानांवर हात ठेवील. आणि ख्रिस्ती मनुष्य या दोघांच्या मध्ये अडचणीत सापडेल, कारण मुसलमानाला 'होय, तो ईश्वर' म्हणताना त्याच दमात त्याला माळकऱ्यालाही सांगावे लागेल की, 'होय, पण तुमच्या अर्थाने नव्हे.'

वस्तुतः हिब्रू 'मशीहा', अरबी 'मसीह' आणि ग्रीक 'ख्रिस्त' या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच: अभिषिक्त. प्राचीन यहुदी राजाच्या मस्तकी तेल ओतीत, आणि तसा एक राजा पुढे येणार ही त्यांची आशा होती. तो स्वतः ईश्वर असेल, असे त्या शब्दात काही नाही. रायगडावर अभिषेक झाला म्हणून महाराज छत्रपती झाले. त्यांना देव म्हणावयाचे तर त्याची कारणे निराळी शोधावी लागतात. ख्रिस्ती मंडळीने ती कारणे शोधली, आणि त्यांवरून चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नामक उपदेशकाशी तिचे भांडण जुंपले. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याला आरंभ आहे, असे एरियसचे म्हणणे. बादशहा कॉन्स्टंटाइनने सन ३२५ मध्ये नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे, धर्माध्यक्षांना पाचारण केले. सरकारी डाकेच्या वाहनांतून ते आले आणि फैसला झाला की, पुत्र जनित आहे, निर्मित नव्हे, आणि पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकतत्त्व, आहे. एरियस हद्दपार झाला, पण तकरार मिटली नाही. काही दशकांनी 'होमोइऊसिओस', म्हणजे केवळ समानतत्त्व, असे म्हणू पाहणारा पक्ष उभा राहिला. फरक ग्रीक 'आयोटा' एवढाच, मराठीत सांगावयाचे तर एका वेलांटीचा, आणि नायसियाचा कैवारी अथनेशियस याला या कलहात पाच वेळा परागंदा व्हावे लागले.

हे शब्द आर्णीपासून चाळीसेक किलोमीटरांवर, यवतमाळात, एके काळी वर्गात शिकविले जात; युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये तेथे स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास गेली. परंतु मराठी अंतःकरणात ही वेलांटी खरोखर रुतली ती त्याच्या पुष्कळ आधी, आणि ती पंडिता रमाबाईंच्या.

पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेती झाली, आणि दोन वर्षांच्या आतच तिच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तिचा पत्रकलह सुरू झाला. अवतारांच्या कथा सांगत देशभर हिंडलेल्या या विदुषीला देव मनुष्य होतो हे अवघड का वाटावे? मला वाटते, याचे उत्तर कलकत्त्यात आहे. तेथे ब्राह्मसमाजाच्या सहवासात त्यांनी एक निराकार ईश्वर स्वीकारला. हा ब्राह्म एकेश्वरवाद वेदांतून आलेला नसून ख्रिस्ती धर्मातूनच उसना आणलेला आहे, हे पुढे ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांना पटविले. ज्या कारणाने त्या अवतारवाद सोडून आल्या, तेच कारण त्यांना त्रैक्याच्या उंबरठ्यावर अडवीत होते. ख्रिस्ताची अनुयायिनी म्हणविण्यात त्यांना संकोच नव्हता. पण पुत्र हा पित्याशी सर्वथा समतुल्य ईश्वर आहे, हे केवळ मतांगीकारात लिहिले आहे म्हणून कबूल करावयास त्यांची बुद्धी राजी होईना.

जेराल्डीनबाईंनी याला अहंकार मानले, आणि येथे त्यांचा अदमास साफ चुकला असे माझे मत आहे. स्वदेशीच्या पुरोहितांचे जू नुकतेच उतरवून आल्यावर दुसरे जू मानेवर घेणार नाही, असे रमाबाई त्यांना लिहीत. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असेही विचारीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना मात्र या शंकांमागची निष्ठा दिसली, आणि त्यांनी उपदेशाऐवजी युक्तिवादाने उत्तरे दिली. मौज अशी की, एवढ्या कडाक्याच्या वादातही रमाबाई जेराल्डीनना 'आजीबाई' म्हणत. तो सारा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध केला. कोणा जिज्ञासूने तो अवश्य वाचावा, आणि आजीबाईंची टिपणेही सोडू नयेत, कारण त्यांत कळवळा व कारकुनी सारख्याच प्रमाणात आहेत.

पुढे १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेने निराळे वळण घेतले, ते युक्तिवादाने नव्हे, अनुभवाने, असे त्यांनीच नमूद करून ठेवले आहे. पण त्यांची चिकित्सा संपली, असे मला म्हणवत नाही. केडगावी मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक पुढ्यात घेऊन अख्खे बायबल मराठीत उतरविण्यास घेतले. वाँटेजला ज्या शब्दांचा अर्थ इतरांनी ठरवून त्यांच्या हाती दिला होता, त्यांतल्या प्रत्येकासमोर आता त्यांना स्वतः थांबून मराठी प्रतिशब्द निवडावा लागे, आणि तो निवडला की सदनातल्याच मुली त्याचे खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या; छापलेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.