क्रीडासंगणक : क्षमतावर्धन व आलेखिकी समायोजन

खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या व्यक्तिगत संगणकाचे काही घटक बदलून आणि त्याच्या कार्यपद्धतीत योग्य ते फेरफार करून पडद्यावरील चित्र अधिक स्पष्ट व प्रवाही करण्याची क्रिया. संगणकीय खेळातील दृश्य चित्रपटाप्रमाणे आधी तयार नसते. खेळाडूच्या हालचालींनुसार संगणक ते क्षणोक्षणी नव्याने रेखाटतो. अशा एका संपूर्ण चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असल्यास प्रत्येकीसाठी सु. १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी चांगली असूनही काही फ्रेम उशिरा तयार झाल्यास खेळ अडखळतो. त्यामुळे केवळ सरासरीवरून संगणकाची पारख करणे योग्य नाही.

रेखाटनाचे काम दोन प्रक्रियकांत विभागलेले असते. मध्यवर्ती प्रक्रियक खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली व टकरी यांचे गणित करून रेखाटनाच्या आज्ञा देतो, तर आलेखिकी प्रक्रियक प्रत्येक चित्रबिंदूचा रंग ठरवितो. एनव्हीडिया कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या जीफोर्स २५६ पासून ‘जीपीयू’ ही संज्ञा रूढ झाली. दोहोंपैकी जो मंद असेल त्यावर फ्रेमची गती ठरते. तो कोणता, हे पैसे खर्च न करता समजते : पडद्याची विभेदनक्षमता तात्पुरती कमी करून तोच प्रसंग पुन्हा खेळावा. गती वाढली, तर आलेखिकी प्रक्रियक अपुरा आहे. ती तशीच राहिली, तर दोष मध्यवर्ती प्रक्रियकाकडे किंवा स्मृतीकडे असून नवे ग्राफिक्स कार्ड घेतल्याने फारसा लाभ होणार नाही. ही चाचणी न केल्यामुळेच पुष्कळांचा खर्च वाया जातो.

खरेदीपूर्वी समायोजन करून पाहणे श्रेयस्कर असते. १,९२० × १,०८० विभेदनक्षमतेत सु. २०.७ लक्ष चित्रबिंदू असतात; ३,८४० × २,१६० मध्ये ते चौपट होतात. सावल्या, परावर्तने व धुके यांची पातळी एका पायरीने उतरविल्यास चित्रात फरक थोडा, पण गतीत बराच पडतो. पृष्ठपोताची प्रत मात्र मुख्यतः कार्डावरील स्मृतीवर अवलंबून असते. स्मृती पुरेशी असेल, तर ती कमी करून काही साधत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी हा खेळ (२०२०) ज्या अनरियल एंजिनवर उभारलेला आहे, त्यात सावल्या, पृष्ठपोत, दृश्याचे अंतर इत्यादींची पातळी स्वतंत्रपणे ठरविण्याची सोय असते. कमी विभेदनक्षमतेत रेखाटलेले चित्र गणिताने मोठे करण्याच्या डीएलएसएस (२०१८) व एफएसआर (२०२१) या पद्धतींमुळे जुन्या कार्डांचे आयुष्य वाढले आहे.

घटक बदलताना शक्तिपुरवठ्याचा विचार आधी करावा लागतो. पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागल्यास स्वतंत्र तारा हव्यात. कार्यालयांतून काढून टाकलेले संगणक स्वस्तात घेऊन त्यांत कार्ड बसविण्याचा प्रघात आहे. परंतु अशा यंत्रांची पेटी पुष्कळदा अरुंद, शक्तिपुरवठा तोकडा व जोडण्या खास बनावटीच्या असतात. स्मृतीची एकच पट्टी असल्यास तिच्या जोडीस तशीच दुसरी बसविणे हा स्वस्त व गुणकारी उपाय आहे. एसएसडीमुळे खेळ लवकर सुरू होतो. फ्रेमची गती तिने सहसा वाढत नाही. यूपीएसची क्षमताही तपासावी लागते. घटकांना ४०० वॉट लागत असून शक्तिपुरवठ्याची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर प्रत्यक्ष भार सु. ४७० वॉट होतो. ६०० व्होल्ट-अँपिअरचे यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलते, म्हणजे वीज जाताच संगणकही बंद पडतो.

उष्णतेचा प्रश्न स्थानपरत्वे बदलतो. बुलढाणा जिल्ह्यात याचा चांगला प्रत्यय येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा शहर तुलनेने थंड असते, तर पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जातो. भार व पंख्याची गती तीच असेल, तर खोलीचे तापमान जितके वाढते साधारणतः तितकेच प्रक्रियकाचेही वाढते. २५° से.ला ७०° राहणारा प्रक्रियक ४२° से.ला ८७° च्या आसपास पोहोचतो आणि बचावासाठी आपली कंप्रता स्वतःच उतरवितो. हिवाळ्यात केलेले समायोजन मे महिन्यात टिकत नाही ते यामुळेच.

प्रक्रियकाचा गतिज शक्तिव्यय कंप्रतेच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो. कंप्रता तीच ठेवून दाब ५ टक्क्यांनी उतरविल्यास हा व्यय सु. १० टक्के घटतो. म्हणून उष्ण प्रदेशात कंप्रता वाढविण्यापेक्षा दाब उतरविणे अधिक फलदायी ठरते. तो थोडाथोडा उतरवून दर वेळी दीर्घ चाचणी घ्यावी लागते, कारण मर्यादा ओलांडल्यास खेळ मध्येच बंद पडतो. विदर्भात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या कूलरने खोली थंड होते व संगणकालाही लाभ होतो. मात्र त्याच्या थेट झोतात संगणक ठेवल्यास पाण्याचे तुषार व क्षारांची पूड आत जाण्याचा धोका असतो. खामगावसारख्या कापसाच्या व्यापारपेठेत उष्णताशोषकाच्या पात्यांत धुळीबरोबर कापसाचे तंतूही अडकू शकतात. संगणक बंद करून व पंखा हाताने धरून ते मऊ कुंचल्याने काढतात.