गाईच्या मानेत बकरीची लस

पालघर जिल्ह्यातल्या झाईची वेस ओलांडली की गुजरातचा उंबरगाव तालुका. बाजारहाट, सोयरिकी, मासळी असं सगळंच इकडून तिकडे चालतं. गोमाशी आणि गोचीडही, आणि त्यांच्यासोबत रोगही. त्यामुळे २०२२च्या उन्हाळ्यात कच्छमध्ये गुरं लम्पी त्वचारोगाने मरताहेत अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा तलासरी-डहाणूच्या गोठ्यांत धास्ती बसणं साहजिक होतं. पण महाराष्ट्रात त्या साथीची पहिली नोंद झाली ती ऑगस्टमध्ये, थेट जळगावच्या रावेर तालुक्यात. पुढे बाधित जिल्ह्यांच्या यादीत पालघरही आला.

लम्पीची स्वतःची लस तेव्हा बाजारात नव्हती. हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केलेली 'लम्पी-प्रोव्हॅक' ऑगस्टमध्ये जाहीर झाली खरी, पण गोठ्यापर्यंत पोचायला तिला वेळ होता. मग शेळ्यांच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची लस गाईबैलांना टोचली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. गंमत अशी की बकरी याआधीही गाईच्या कामी आली होती. १९२०च्या दशकात मुक्तेश्वरला शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणू लसीसाठी शेकडो वेळा बकऱ्यांतून फिरवून सौम्य केला. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, भारतात शेवटची बुळकांडी १९९५ साली दिसली आणि २०११मध्ये जग तिच्यापासून मुक्त झालं. हा इतिहास तेव्हा फारसा कुणी सांगितला नाही. सांगायला हवा होता, कारण 'बकऱ्यांचं औषध गाईला कसं?' ही शंका रास्तच होती.

टोचणीचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. गुरं चरायला सुटली की डोंगरउतारावर सापडत नाहीत, म्हणून पहाटेच गोठा गाठायचा. बर्फाच्या डब्यातली कुपी पातळ केली की ती थोड्या तासांतच संपवायची. एकाने शिंगं धरायची, दुसऱ्याने मानेची कातडी चिमटीत उचलून सुई आडवी घालायची. मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे टिपून घ्यायचे. प्रतिकारशक्ती यायला तीनेक आठवडे जातात. तोवर माश्या हटवायला गोठ्यात कडुनिंबाचा धूर करायचा. गाठी उठलेल्या जनावराला मात्र ही लस उपयोगाची नाही.

राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश. एवढ्यांसाठी लसीकरण झालं, तरी २०२३च्या पावसाळ्यात लम्पी पुन्हा डोकावली, आणि झळ जास्त बसली ती वासरांना. मोहीम उरकल्यावर जन्मलेली ती. त्यांच्या कानात अजून बिल्लाही पडला नव्हता.